निओसचें सरोवर

मृत्यूचीं म्हणून जीं स्थळें पृथ्वीच्या पाठीवर प्रसिद्ध आहेत, त्यांच्या अंगीं बहुधा कांहीं तरी उग्रता असते. धगधगणारा ज्वालामुखी, वाळूचें अफाट रण, बर्फाचे तुटलेले कडे किंवा भोंवऱ्यांनीं गरगरणारी सामुद्रधुनी यांच्या नुसत्या दर्शनानेंच मनुष्य सावध होतो. आफ्रिकेच्या पश्चिम भागांतील कॅमेरून देशांत मात्र असें एक स्थळ आहे कीं, त्याच्या काठीं उभ्या राहिलेल्या प्रवाशाच्या मनांत भयाची कल्पनाहि येऊं नये. चोहोंकडे हिरवीं कुरणें, उतारांवर संथपणें चरणारीं गुरें, आणि टेकड्यांच्या ओंजळींत धरल्यासारखें निळें, निश्चल पाणी. या पाण्यानें ता. २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्रीं सुमारें सतराशें माणसांचे व साडेतीन हजार गुरांचे प्राण घेतले. त्यांतील कोणी बुडून मेलें नाहीं, कोणी भाजून मेलें नाहीं. बहुतेक लोक सरोवरापासून कोस-दोन कोस, कित्येक तर सात-आठ कोस दूर, आपापल्या घरीं होते. त्या सरोवराचें नांव निओस. त्यानें हा संहार कसा केला, त्याचें कारण कसें उमगलें, आणि पुढें मनुष्यानें त्यास कसें आवरलें, ही हकीकत जितकी हृदयद्रावक तितकीच बोधप्रद आहे.

कॅमेरून हा देश गिनीच्या आखाताच्या काठीं, नायजेरियाच्या पूर्वेस वसलेला आहे. त्याच्या दक्षिणेकडील व समुद्रालगतच्या भागांत निबिड अरण्यें आहेत. परंतु वायव्येकडे डोंगर चढत गेलें म्हणजे रान विरळ होत जातें, हवा थंड लागूं लागते, आणि समुद्रसपाटीपासून हजार ते दोन हजार मीटर उंचीवर एक विस्तीर्ण, उंचसखल पठार समोर उलगडतें. त्यावर दृष्टि पोंचेल तेथवर गवतच गवत. याच कारणानें युरोपीय लोकांनीं या मुलखास 'ग्रासफील्ड्स', म्हणजे गवताचा मुलूख, असें नांव दिलें व तें आजहि रूढ आहे. खोऱ्याखोऱ्यांतून मका, घेवडा व अळूचे कंद पिकविणाऱ्या शेतकऱ्यांचीं गांवें आहेत. येथें लहान लहान राज्यें पुष्कळ, आणि प्रत्येक राज्याच्या अधिपतीस 'फॉन' अशी पदवी असते. उतारांवरून फुलानी जमातीचे गुराखी आपलीं वशिंडाचीं गुरें घेऊन कुरणामागून कुरण हिंडत असतात.

हें गवत इतकें सकस कां, याचें उत्तर जमिनीखालीं आहे. गिनीच्या आखातांतील बेटांपासून थेट देशाच्या अंतर्भागापर्यंत सुमारें सोळाशें किलोमीटर लांबीची ज्वालामुखींची एक रांग गेलेली आहे. तिच्यांतील समुद्राजवळचा कॅमेरून पर्वत अद्याप जागृत असून १९९९ व २००० या सालीं त्यानें लाव्हारस ओकला. आंतील बाजूचे डोंगर मात्र शांत झालेले आहेत आणि त्यांच्या राखेची व खडकांची झीज होऊन ही सुपीक माती बनली आहे. महाराष्ट्राची काळी जमीन ज्याप्रमाणें पुरातन लाव्हारसाचें देणें, त्याचप्रमाणें हें कुरणहि अग्नीचेंच देणें होय. परंतु महाराष्ट्रांतील तो अग्नि कोट्यवधि वर्षांपूर्वीं विझला. कॅमेरूनमधील अग्नि नुसता निजलेला आहे. लाव्हारस वर येण्याचें थांबलें, तरी खोल भूगर्भांतील तप्त द्रव्यांतून कार्बन डायॉक्साइड नांवाचा वायु सुटत असतो, आणि खडकांच्या भेगांतून तो हळूहळू वर झिरपत राहतो. या मुलखांत ठिकठिकाणीं बुडबुडणारे, चवीला सोड्यासारखे लागणारे झरे आहेत, ते याच वायूमुळें. ज्या झऱ्याचें पाणी उघड्यावर वाहतें, तेथें हा वायु वाऱ्यावर उडून जातो व कोणास बाधत नाहीं. परंतु झऱ्याचें मुख एखाद्या खोल सरोवराच्या तळाशीं उघडलें, तर काय होईल, हा प्रश्न १९८६ पूर्वीं फारच थोड्यांच्या मनांत आला होता.

निओसचें सरोवर लांबीनें सुमारें दोन किलोमीटर व रुंदीनें एक किलोमीटराहून थोडें अधिक आहे. भूगर्भांतून वर चढणारा तप्त रस वाटेंत भूजलास भिडला, पाण्याची एकाएकीं वाफ झाली, आणि त्या स्फोटानें जमिनींत जें विवर पडलें, त्यांत पुढें पाणी सांचून हें सरोवर झालें. विदर्भांतील लोणारचें सरोवर ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांस याच्या विस्ताराची कल्पना सहज येईल. लोणारचें विवर अशनीच्या आघातानें झालेलें आहे; परंतु गोल काठ, उभे उतार आणि मधोमध पाणी, हा देखावा दोहोंकडे सारखाच. भेद आहे तो खोलीचा. लोणारचें पाणी कांहीं मीटरच खोल आहे. निओसचा तळ पृष्ठभागापासून सुमारें दोनशें आठ मीटर खालीं आहे. कुतुबमिनारावर कुतुबमिनार असे जवळजवळ तीन मिनार त्यांत बुडून जातील. सर्व अनर्थाचें बीज या खोलींत आहे.

१९८६ सालच्या त्या गुरुवारीं रात्रीं नऊच्या सुमारास पावसाळी हवेंत गांवें निजण्याच्या बेतांत होतीं. कित्येकांनीं दूरवर गडगडल्यासारखा आवाज ऐकला. परंतु पावसाळ्यांत गडगडाटाचें नवल तें काय! वस्तुतः त्या वेळीं सरोवराचें पाणी तळापासून उसळून फेंसाळत वर येत होतें. दक्षिणेकडील काठावर पाण्याची लाट सुमारें पंचवीस मीटर उंचीपर्यंत चढली आणि तिनें तेथील झाडेंझुडपें आडवीं केलीं. पाण्याबरोबर लक्षावधि टन वायु बाहेर पडला. हा वायु हवेपेक्षां दीडपट जड असल्यामुळें तो आकाशांत न विरतां पाण्यासारखा उतारानें वाहूं लागला. पांढऱ्या धुक्याचा सुमारें पन्नास मीटर जाडीचा एक लोट ओढ्यांच्या वाटेनें खालीं उतरला. प्रथम त्यानें सरोवराखालचें निओस गांव गिळलें. मग काम, चा व सुबुम या गांवांवरून तो पुढें गेला. सरोवरापासून सुमारें पंचवीस किलोमीटरपर्यंत त्याचा मारक प्रभाव पोंचला.

दुसऱ्या दिवशींचा देखावा पाहणाऱ्यांच्या कायमचा स्मरणांत राहिला. घरें जशींच्या तशीं उभीं होतीं. कोठें आग लागलेली नव्हती, भिंत खचलेली नव्हती, भांडें कलंडलेलें नव्हतें. चुलीपाशीं, अंथरुणावर, उंबऱ्यांत, वाटेवर माणसें पडलेलीं होतीं. कुरणांत गुरें जेथल्या तेथें कोसळलीं होतीं, आणि त्यांच्यावर माशीहि बसत नव्हती. कारण कीटकहि मेले होते. ज्यांचे प्राण वाचले, त्यांपैकीं कित्येक सहा तासांनीं, कोणी दीड दिवसानें शुद्धीवर आले आणि शेजारीं निजलेल्या आप्तांस उठवूं लागले. तीं माणसें उठत नाहींत, हें त्यांच्या हळूहळू ध्यानांत आलें. निओस गांवांत अशा रीतीनें जागे झालेले लोक अगदींच थोडे होते. वर सरोवराचें पाणी सुमारें एक मीटरानें उतरलें होतें, आणि त्याचा निळा रंग जाऊन तें गंजल्यासारखें तांबडें झालें होतें.

ही वार्ता जगभर पसरतांच फ्रान्स, अमेरिका, इटली, जपान, ब्रिटन इत्यादि देशांतून शास्त्रज्ञांचीं पथकें तेथें गेलीं, आणि लवकरच त्यांच्यांत दोन पक्ष पडले. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, सरोवराच्या तळाशीं ज्वालामुखीचा लहानसा उद्रेक झाला असला पाहिजे. वाचलेल्या लोकांची साक्ष या मताला अनुकूल होती. अनेकांनीं कुजलेल्या अंड्यांसारखी किंवा बंदुकीच्या दारूसारखी घाण आल्याचें सांगितलें. अंग तापल्याचा अनुभव सांगितला. आणि कित्येकांच्या त्वचेवर भाजल्यासारखे व्रणहि होते. दुसऱ्या पक्षानें साक्षीदार मानलें तें खुद्द सरोवरास. उद्रेक झाला असता तर तळचें पाणी तापलें असतें. तें तापलें नव्हतें. ज्वालामुखीच्या वाफेबरोबर येणारीं गंधकाचीं व क्लोरीनचीं द्रव्यें पाण्यांत आढळावयास हवीं होतीं. तींहि जवळजवळ नव्हतीं. पाण्यांत मुबलक सांपडला तो एकटा कार्बन डायॉक्साइड. १९८७ सालच्या मार्च महिन्यांत कॅमेरूनची राजधानी याउंदे येथें भरलेल्या परिषदेंत या दोन मतांचा जोराचा वाद झाला. कालांतरानें दुसरें मत बहुतेकांनीं स्वीकारलें. घाण व दाह यांचाहि उलगडा झाला. हा वायु फार प्रमाणांत श्वासाबरोबर गेला म्हणजे मेंदूस भ्रम होऊन नसलेले वास व उष्णता यांचा भास होतो, हें वैद्यकास ठाऊक होतें. आणि तासन् तास एका कुशीवर बेशुद्ध पडून राहिल्यानें त्वचेवर व्रण उठतात, हेंहि नवीन नव्हतें.

या प्रकरणांतील सर्वांत चटका लावणारी गोष्ट अशी कीं, निओसचा इशारा दोन वर्षें आधींच मिळालेला होता. निओसपासून सुमारें शंभर किलोमीटरांवर मोनून नांवाचें असेंच एक सरोवर आहे. ता. १५ ऑगस्ट १९८४ रोजीं पहांटेच्या सुमारास त्याच्या काठच्या रस्त्यावर सदतीस माणसें मरून पडलीं. प्रथम लोकांस घातपाताचा संशय आला. मृतांमध्यें एका मालमोटारींतील उतारू होते. मोटारीचें यंत्र एकाएकीं बंद पडलें, म्हणून काय झालें तें पाहण्यास जे खालीं उतरले, ते तेथेंच पडले. मोटारीच्या टपावर बसलेले दोघे मात्र वांचले. आइसलंडचे भूशास्त्रज्ञ हाराल्दुर सिगुर्डसन यांनीं पुढें त्या सरोवराची तपासणी केली आणि असा निष्कर्ष काढला कीं, तळच्या पाण्यांत सांचलेला वायु उसळून वर आल्यामुळें हे मृत्यु घडले. परंतु सरोवर स्वतः माणसें मारतें, ही कल्पना त्या काळीं इतकी अपूर्व होती कीं, निओसच्या संहारापूर्वीं ती सर्वमान्य झाली नाहीं.

हा चमत्कार समजून घेण्यास फार दूर जावयास नको. गोळीच्या सोड्याची बाटली पुष्कळांनीं पाहिलेली असेल. बाटली मिटलेली असते तोंवर पाणी स्वच्छ व स्थिर दिसतें. त्यांत वायु आहे असा संशयहि येत नाहीं. गोळी आंत ढकलली कीं दाब नाहींसा होतो आणि तोच वायु फसफसून बाहेर येतो. निओसच्या तळाशीं बाटलीच्या गोळीचें काम वरचें पाणी करतें. दोनशें मीटर खोलीवर पाण्याचा व हवेचा मिळून दाब पृष्ठभागावरील दाबाच्या सुमारें एकवीसपट असतो. आणि दाब जितका अधिक, तितका वायु पाण्यांत अधिक विरघळतो. तळचें एक लिटर पाणी पृष्ठभागावर आणून मोकळें केलें, तर त्यांतून पंधरा लिटरांच्या आसपास वायु निघूं शकेल, इतका तो तेथें मावतो. शिवाय वायु व क्षार विरघळलेलें हें पाणी वरच्या गोड्या पाण्याहून जड असल्यामुळें तें आपल्या जागीं स्वस्थ पडून राहतें, आणि झरे त्यांत वर्षानुवर्षें भर घालीत राहतात.

मग जगांतील इतर खोल सरोवरें अशीं कां उसळत नाहींत, अशी शंका येणें स्वाभाविक आहे. एक तर त्यांच्या तळाशीं असे झरे क्वचितच असतात. दुसरें कारण हवामानाचें. थंड देशांत हिवाळा आला म्हणजे सरोवराचें वरचें पाणी गारठून जड होतें व खालीं जातें, आणि खालचें वर येतें. अशा रीतीनें प्रतिवर्षीं सरोवराची घुसळण होऊन तळचा वायु थोडाथोडा सुटून जातो. विषुववृत्ताजवळच्या देशांत उन्हाळ्या-हिवाळ्यांतील अंतर अल्प असल्यामुळें ही घुसळण होत नाहीं. त्या रात्रीं निओसचें पाणी नेमकें कशानें हललें, याविषयीं शास्त्रज्ञांत एकमत नाहीं. एखादी दरड कोसळली असेल, वाऱ्यानें पाणी एका बाजूस लोटलें असेल, किंवा थंड पावसाचें पाणी खालीं उतरलें असेल. मात्र दोन्ही सरोवरें ऑगस्ट महिन्यांत, म्हणजे पावसाळ्यांतच उसळलीं, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. तळचें पाणी वायूनें तुडुंब भरलें असतां निमित्त क्षुल्लक पुरतें. तें पाणी थोडेंसें वर उचललें गेलें कीं दाब कमी होऊन बुडबुडे सुटतात. बुडबुड्यांनीं हलकें झालेलें पाणी आणखी वर चढतें. तें आपल्यामागून खालचें पाणी ओढून आणतें. आणि पाहतां पाहतां सारें सरोवर तळापासून ढवळून निघतें.

या वायूला रंग नाहीं. नेहमींच्या हवेंत तो दहा हजार भागांत चारच भाग असतो व तेवढा कोणास बाधत नाहीं. परंतु शंभरांत दहा भागांच्या वर त्याचें प्रमाण गेलें, तर कांहीं मिनिटांतच शुद्ध हरपते आणि पुढें मरण ओढवतें. याचा अनुभव महाराष्ट्रांतील शेतकऱ्यांसहि आहे. धान्य सांठविण्याचें पेंव बंद राहिलें म्हणजे त्यांत हाच वायु कोंडतो, आणि पेंव उघडून तत्काळ आंत उतरणारा मनुष्य जीव गमावून बसतो. म्हणून जाणते लोक आधीं दोरीनें पेटता दिवा खालीं सोडून पाहात, व तो विझला तर आंत पाऊल टाकीत नसत. निओसच्या खोऱ्यांत तशाच वायूनें भरलेलें पंचवीस किलोमीटर लांबीचें पेंव एका रात्रीपुरतें निर्माण झालें होतें, असें म्हटलें तरी चालेल. जो ओढ्याच्या काठीं सखल जागीं होता, तो मेला. ज्याचें घर टेकडीवर होतें, तो पुष्कळदां वांचला. मोनूनच्या मोटारीच्या टपावरील दोघांस तर एका पुरुषभर उंचीनें तारलें.

ग्रासफील्ड्समधील लोकांच्या पुराणकथा यानंतर नव्या दृष्टीनें वाचल्या जाऊं लागल्या. कोम नांवाच्या राज्याच्या लोकांत अशी कथा आहे कीं, त्यांच्या एका फॉनचा बामेसी येथील फॉननें कपटानें घात केला. तेव्हां अपमानित राजानें गळफांस लावून घेतला, आणि त्याच्या देहांतून स्रवलेल्या पाण्याचें एक सरोवर झालें. त्यांत मासे दिसूं लागले. ठरलेल्या दिवशीं बामेसीचे लोक मासेमारीसाठीं पाण्यांत उतरले, तोंच सरोवरानें त्या सर्वांचा ग्रास घेतला. त्यानंतर कोमचे लोक एका अजगराच्या मागानें चालत जाऊन नव्या ठिकाणीं वसले. युजिनिया शँकलिन या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ विदुषीनें अशा अनेक कथा जमवून दाखविल्या आणि १९८९ सालीं त्यांवर लेख प्रसिद्ध केला. माणसें गिळणारीं, जागा बदलणारीं, कोपणारीं सरोवरें या कथांतून वारंवार येतात. सरोवराच्या कोपाची एखादी फार जुनी आठवण त्यांत गुंतलेली असावी, असा तर्क अवास्तव वाटत नाहीं. शास्त्रज्ञांस जें विश्वसनीय वाटण्यास निओसचा संहार व्हावा लागला, तें आजीबाईंच्या गोष्टींत केव्हांपासून सांगितलें जात होतें.

कारण कळलें म्हणजे उपाय सुचतो. पण तो अंमलांत येण्यास पंधरा वर्षें लागलीं. संहारानंतर घेतलेल्या मापांवरून असें दिसून आलें कीं, तळाशीं वायु पुन्हा सांचत आहे. याचा अर्थ असा कीं, कांहीं केलें नाहीं तर सरोवर केव्हां तरी पुन्हा उसळणार. तेव्हां तळचा वायु थोडाथोडा करून बाहेर काढावयाचा, असें ठरलें. फ्रेंच शास्त्रज्ञ मिशेल हाल्बवाक्स व त्यांचे सहकारी यांनीं यासाठीं योजलेली युक्ति अत्यंत साधी आहे. एक लांब नळी तराफ्यावरून थेट तळापर्यंत सोडावयाची, व पंपानें तिच्यांतून थोडें पाणी वर खेंचावयाचें. तें वर चढतांच त्यांतील वायूचे बुडबुडे होतात, पाणी हलकें होतें, आणि पुढें पंप बंद केला तरी तें आपल्याच जोरानें वर येत राहतें. ज्या क्रियेनें सरोवर एका रात्रींत उसळलें, तीच क्रिया एका नळींत कोंडून माणसानें राबविली. १९९२ सालीं मोनून येथें व १९९५ सालीं निओस येथें बारीक नळ्यांनीं हे प्रयोग करून पाहण्यांत आले. मग २००१ सालच्या जानेवारींत निओसमध्यें दोनशें तीन मीटर लांबीची कायमची नळी बसविली गेली, आणि सरोवराच्या मध्यभागीं सुमारें पन्नास मीटर उंचीचें पांढरें कारंजें उभें राहिलें. बाहेर पडणारा वायु थोडाथोडा असल्यानें तो वाऱ्यावर विरून जातो व कोणास अपाय करीत नाहीं. मोनूनमध्यें २००३ सालीं तशीच नळी बसली. निओसचें पाणी अफाट असल्यामुळें तेथें एक नळी पुरेना, म्हणून २०११ सालीं आणखी दोन बसविण्यांत आल्या. २०१९ सालपर्यंत तळच्या वायूचें प्रमाण इतकें खालीं आलें होतें कीं, यापुढें तें वाढूं न देण्यास एकच नळी पुरेल, असें शास्त्रज्ञांनीं ठरविलें.

सरोवर आवरलें गेलें. परंतु त्याच्या काठचा संसार पूर्ववत् झाला नाहीं. वांचलेल्या सुमारें चार हजार लोकांस सरकारनें तेथून हलवून सात नव्या वसाहतींत नेऊन ठेविलें. ही व्यवस्था तात्पुरती म्हणून झाली, आणि तींत वर्षांमागून वर्षें गेलीं. ज्या मुलांनीं निओस पाहिलेंहि नाहीं, तीं मोठीं होऊन त्यांनाहि मुलें झालीं. गांवाबरोबर पूर्वजांचीं थडगीं, शेतें आणि नात्यागोत्यांचा आधार सुटला. ज्या घरांतून एकच मनुष्य उरला, त्याला आपलें वंशवृत्त सांगणारें दुसरें कोणी राहिलें नाहीं. खुद्द सरोवराभोंवतीं मात्र गवत पूर्वींसारखेंच उगवलें. पहिल्याप्रथम परत फिरले ते गुराखी व कांहीं शेतकरी. धोका आहे हें ते जाणून होते. पण ज्या जमिनीनें पोसलें ती सुपीक जमीन दुसरीकडे मिळत नव्हती. त्यांना वेडे म्हणणें सोपें आहे. परंतु वेसूव्हियसच्या उतारावर द्राक्षें लावणारा इटालियन शेतकरी काय, किंवा पुराच्या गाळासाठीं नदीकांठ न सोडणारा भारतीय शेतकरी काय, सर्वांनीं हाच हिशेब केलेला असतो.

निओस व मोनून यांच्याप्रमाणेंच तळाशीं वायु सांचलेलें तिसरें सरोवर पूर्व आफ्रिकेंत आहे. कांगो व रवांडा या देशांमधील किवू सरोवराचें क्षेत्रफळ निओसच्या हजारपटीहून अधिक असून त्याची खोली सुमारें चारशें ऐंशीं मीटर आहे. त्याच्या तळाशीं कार्बन डायॉक्साइडबरोबर मीथेन हा जळणारा वायुहि विपुल आहे. काठावर लक्षावधि लोक राहतात, आणि उत्तरेस न्यिरागोंगो हा जागृत ज्वालामुखी आहे. २००२ सालीं त्याचा लाव्हारस गोमा शहरांतून वाहत थेट सरोवरांत शिरला. सुदैवानें तळचा थर ढवळला गेला नाहीं. किवूच्या काठीं २०१६ सालीं सव्वीस मेगावॅट शक्तीचें एक वीजकेंद्र सुरू झालें असून तें याच सरोवरांतून काढलेल्या मीथेनवर चालतें. वायु काढल्यानें धोका थोडा कमी होतो आणि रवांडांतील घरांत दिवेहि लागतात. मात्र एवढ्या मोठ्या सरोवरांतून तळचे थर न बिघडवितां वायु काढीत राहणें हें निओसहून पुष्कळ अवघड व दीर्घ काळाचें काम आहे.

निओसवर १९८६ सालीं जें घडलें, त्यास अकस्मात् आलेलें संकट म्हणण्याची रीत आहे. पाहूं गेलें तर तें मुळींच अकस्मात् आलेलें नव्हतें. कित्येक वर्षें, प्रत्येक दिवशीं, कोणास न दिसेल अशा मंद गतीनें तें तळाशीं सांचत होतें, आणि वरचें पाणी जितकें शांत, तितकी त्याची सांठवण निर्वेध चालली होती. दोन वर्षें आधीं सदतीस माणसांच्या मरणानें त्याची खूणहि दाखविली होती. त्या खुणेचा अर्थ वेळींच सर्वांना पटला असता, तर निदान खोऱ्यांतील लोकांना उंचावर राहा, असें सांगण्यास अवकाश मिळाला असता. पुढें जो उपाय योजला गेला, त्यांत सरोवर बुजवावें लागलें नाहीं कीं ज्वालामुखी विझवावा लागला नाहीं. कोंडलेल्या वायूस रोजच्या रोज बाहेर पडण्यास वाट करून दिली, एवढेंच. ती वाट मोकळी राखण्याचें काम मात्र कधींच संपणारें नाहीं. कारण तळचे झरे थांबलेले नाहींत. म्हणून निओसच्या हिरव्या कुरणांत पाण्याची ही नळी जोंवर वाहती आहे, तोंवरच खोऱ्यांतल्या घरीं निजणाऱ्यांना निश्चिंतपणें निजतां येईल.